गोजराक्काची आतली दोरी

"काजळी आली गं, काढा काढा!"

त्या दिवशी ही हाक दुपारच्या भोंग्याच्या बरीच आधी उठली. मी भाकरी थापत होते. पिठाचे हात तसेच घेऊन अंगणात धावले.

साखर कारखान्याच्या कॉलनीत जिनं संसार केला नाही, तिला या हाकेतली घाई कळायची नाही. हंगाम सुरू झाला की बॉयलरात उसाची चिपाडं जळायची आणि धुराड्यातून काळ्या कागदाच्या कपट्यांसारखी काजळी उडायची. सकाळी वारं शेताकडून धुराड्याकडं जायचं, तोवर आमची अंगणं स्वच्छ. दुपारी ते फिरलं की काजळी थेट आमच्या क्वार्टरांवर. ओल्या कपड्यावर एक कपटा बसला आणि कुणी तो झटकायला गेलं की लांबलचक काळा ओरखडा, मग कितीही साबण घासा. म्हणून आम्ही उजाडायच्या आत धुणं आटपायचो, पहिलं ऊन दोरीवर घ्यायचो आणि भोंगा व्हायच्या आत सगळं घरात. वारं आधीच फिरलं तर जिला पहिल्यांदा दिसेल तिनं हाक द्यायची. मग जी दोरी जवळ असेल तिच्यावरचं ओढायचं, आपलं-परक्याचं बघायचं नाही, आणि जवळच्या दारातून आत टाकायचं. वाटणी नंतर. कॉलनीतली ही रीत कुणी घालून दिली नव्हती, पडून गेली होती.

माझे कपडे मी थोड्या वेळापूर्वीच आत घेतले होते. म्हणून शेजारच्या गोजराक्काच्या दोरीकडं वळले.

गोजराक्काची क्वार्टर आणि आमची, मध्ये एकच भिंत. तिचे मालक सखाराम मिस्त्री कारखान्यात फिटर होते आणि आमच्या दत्तमंदिराच्या सप्ताहात विणेकरी. त्यांना मी भाऊजी म्हणायची. त्या हिवाळ्यात अक्का चार महिने माहेरी जाऊन राहिली होती. आई आजारी आहे म्हणाली. थोरली लेक शालन बाळंतपणाला तिथंच, आजोळी आली. सव्वा महिना झाल्यावर अक्का लेकीला आणि तिच्या जुळ्याला घेऊन कॉलनीत परतली. एक मुलगा, एक मुलगी. घरोघरी साखर वाटून झाली होती, आणि कॉलनीतल्या प्रत्येक बाईनं दोन्ही लेकरांची दृष्ट काढली होती.

जुळ्याचं धुणं म्हणजे काय विचारता! इकडून तिकडं नुसती लंगोटांची आणि दुपट्यांची रांग. त्यात बाळाचे कपडे आमच्याकडं पिळत नाहीत. कापड पिळलं की बाळाच्या पोटात पीळ पडतो म्हणतात. त्यामुळं ते टपटप गळत राहतात आणि वाळायला दुप्पट वेळ घेतात. मी ती सगळी अर्धओली रांग छातीशी धरली आणि अक्काच्या मागच्या दारानं आत शिरले.

"शालन, अगं काजळी! दार लोटून घेते हां."

"हौसाकाकी, तिथंच ठेवा!" बाजेवरून शालन ओरडली. मुलीला पाजत होती, त्यामुळं तिला उठता येईना. "आत नका जाऊ!"

पण मी स्वयंपाकघरात पोचले होते. चुलीच्या वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर एक जुनं लुगडं पसरलेलं. मला हातातलं टाकायला जागा हवी होती. मी लुगडं बाजूला सारलं.

खाली एक पोटपट्टा होता. बाळंतिणीच्या पोटाला घट्ट गुंडाळतात तो, जुन्या लुगड्याचा लांब पट्टा. शालनचा असेल म्हणून मी तोही सारला. त्याच्या पलीकडं दोन झंपर.

कॉलनीतले निम्मे झंपर मीच शिवायची. गोजराक्काचा डावा खांदा उतरता, म्हणून तिच्या झंपराला मी आतून जास्तीची पट्टी टाकायची. ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होती. आणि दोन्ही झंपरांच्या पुढच्या बाजूला धुऊनही न गेलेले पिवळट गोल. उन्हाशिवाय वाळलेल्या दुधाला एक आंबूस वास येतो. सगळं स्वयंपाकघर त्या वासानं भरलं होतं.

"बघितलंस?"

मी वळले. कोठीच्या खोलीतून गोजराक्का बाहेर आली होती. खांद्यावर मुलगा, पदर अर्धवट सावरलेला. मुलाच्या हनुवटीवर दुधाचा थेंब.

"अक्का, हे झंपर..."

"माझं. झंपरबी माझं आणि हे बी माझं," तिनं मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "आता बस खाली. पिठाच्या हातानं उभी राहू नगंस, देवीची मूर्ती दिसतीयास."

एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मी बसले. शालनच्या मुलीचा चुटूचुटू आवाज बाहेरच्या खोलीतून येत होता.

"आधी मला वाटलं पाळी जायची येळ आली," अक्का सांगू लागली. "चाळिशी उलटली, दाढा हलायला लागल्या, दुसरं काय असणार? मग पोट वाढलं. म्हटलं वायू झाला. ओवा खाल्ला, हिंग लावला. शेवटी माहेरच्या सुईणीला दाखवलं. म्हातारी पोटावर हात ठिवून म्हणाली, वायूला पाय असत्यात व्हय गं पोरी? आतनं लाथा मारतोय की!"

मला हसू आवरेना. अक्काही हसली. बाहेरच्या खोलीतून शालनही फिसकन हसली.

"मग लपवलंस का? बायकांना होत नाहीत का लेकरं?"

"लेक भरल्या पोटानं आजोळी आली, तर आई बी तशीच. एका आठवड्याच्या अंतरानं दोघी मोकळ्या झालो. ह्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, मी विणा घिऊन उभा ऱ्हातो, माणसं माझ्या पायाला हात लावत्यात. नातवंडं खेळवायच्या वयात हे कुणाला तोंडानं सांगू? भिंतीभिंतीवर कुटुंब नियोजनाचे लाल त्रिकोण काढलेत, आणि माझ्या घरात पाळणा! मग त्यांनीच काढली ही युक्ती. म्हणाले, देवानंच जुळवून दिलंय. जुळं म्हणून टाकू."

"आणि तू हो म्हणालीस?"

अक्का मुलाच्या डोक्यावरचं टोपडं उगाच सारखं करत राहिली.

"शालनला पहिली मुलगी. आताबी मुलगीच. तिच्या सासूला मुलगा झाला म्हणून सांगावा गेला, तर त्या बाईनं गावभर जिलेबी वाटली. पोरीला सासरी आता उचलून धरतील. मी म्हटलं, असू दे. ऱ्हाईल की आपल्याच माणसांत. काल्याच्या दिवशी न्यायला येणार हायत. बारसं तिकडंच करायचं, नाव बी तेच ठेवणार."

"दोघांना?"

"दोघांना."

काल्याला पंधरवडासुद्धा उरला नव्हता.

बाहेर बायका एकमेकींचे कपडे ओळखून वाटून घेत होत्या, त्यांचा गलका येत होता. मी उठून त्या आतल्या दोरीवरच्या पट्ट्याला हात लावला. ओला नव्हता, पण वाळलाही नव्हता. धुरानं कडक आणि आतून दमट.

"हे तू पोटाला बांधतीस?"

"मग काय करू? अंगभर पुरळ उठलंय. खाज सुटती तर चारचौघांत खाजवताबी येत न्हाई. बाहेर घातलं तर पोटपट्टे दोन आणि बाळंतीण एक. बायका काय आंधळ्या हायत?"

"दे इकडं. माझ्या दोरीवर घालते."

"आणि लोक काय म्हणतील?"

"माझ्या दोरीवरचं माझंच म्हणतील."

तिनं दिला. मी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला, तेवढ्यावर तिला कळलं. शपथ वगैरे घ्यायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून अक्काचं आतलं धुणं माझ्याकडं यायला लागलं. पहाटे ती भिंतीवरून बादली द्यायची. झंपर मी उलटे करून घालायची, म्हणजे डाग उन्हाकडं आणि खांद्याची पट्टी आतल्या बाजूला. उन्हानं दुधाचे डाग हळूहळू फिके होतात, साबणानं होत नाहीत. पट्टा मात्र कुठं लपवणार? तो पार या खांबापासून त्या खांबापर्यंत जायचा.

व्हायचं ते झालं. नळावर पारूबाईनं मला गाठलं. पारूबाई म्हणजे वॉचमनची बायको. गेटातून गाडी आत यायच्या आधी बातमी तिच्याकडं यायची.

"हौसे, तोंड गोड कर की."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणती बघा! पोटपट्टा धुऊन तयार ठिवलायस. आमच्यात बाळंतपण झाल्यावर बांधत्यात बाई. तुझी घाई मोठी."

"कंबर धरते गं. शिवणयंत्रावर बसून बसून."

"व्हय तर. माझीबी धरली हुती, थोरल्याच्या वक्ताला. नऊ महिन्यांनी सुटली."

नळावर सगळ्या खोखो हसल्या. त्यात गोजराक्काही होती. हसू दाबायला तिनं तोंडात पदर कोंबला होता.

आमचे मालक पॅनमन. साखरेचा पाक शिजवणं त्यांच्याकडं. शिफ्ट संपवून आले ते सायकल न लावताच दारात उभे.

"अगं, मला पॅनवर सगळ्यांनी घेरलं. म्हणतात पेढे कधी. निदान मला तरी आधी सांगायचंस!"

"तसं काही नाही."

"मग दोरीवर काय आहे ते?"

"ते तुम्हाला कळायचं नाही. कुणी विचारलं तर नुसतं हसा."

"हसू?"

"हसा."

देवमाणूस. पुढं काही न विचारता ते बिचारे काल्याच्या दिवसापर्यंत हसत राहिले.

आठवड्याभरात अक्काचं पुरळ गेलं. कपड्याला ऊन लागलं की अंगालाही लागतं. पण दिवस सरकत होते, आणि पहाटे बादली देताना अक्काचं बोलणं कमी कमी होत गेलं. मी एकदा म्हटलं, "भाऊजींशी एकदा बोल तरी." ती म्हणाली, "बोलून काय? शालनच्या सासूच्या तोंडातली जिलेबी काढून घिऊ?" दुसऱ्यांदा मी विषय काढला नाही.

मग सप्ताह बसला. माझा जीव कीर्तनात. घरात कितीही पसारा पडलेला असो, मृदंगावर पहिली थाप पडली की माझे पाय देवळाकडं. कीर्तनात बसलं की मला कुणी कुणाचं परकं वाटत नाही. सगळ्या माणसांच्या गोष्टी आपल्याच घरातल्या वाटायला लागतात. त्या वर्षी आबामहाराज म्हणून एक कीर्तनकार आले होते. बुटके, घसा थोडा बसलेला, पण निरूपणाला लागले की देऊळ गप्प. सखारामभाऊजी नेहमीसारखे मागं विणा घेऊन उभे. डोळे मिटलेले, बोट तारेवर.

महाराजांनी त्या संध्याकाळी वसुदेवाची गोष्ट घेतली. टोपली, यमुना, पलीकडं गोकुळ. हे सगळ्यांनी शंभरदा ऐकलेलं. पण मग ते गोकुळात थांबलेच नाहीत. मागं फिरले.

"गोकुळात वाजंत्री वाजतीय," ते म्हणाले. "साखर वाटतायत. माय-बाप, आपणही तिथंच रमतो. पण मथुरेला कोण जातं? तिथं एक बाई बसलीय. मांडी मोकळी. दूध यायचं थोडंच थांबतंय? पदर भिजला. तो पिळून टाकला, पुन्हा भिजला. आणि वाळत घालायला ऊन न्हाई. कोठडीत कुठलं ऊन?"

हे मी कुठल्या पोथीत वाचलेलं नव्हतं. महाराजांचं स्वतःचं असावं. देवळातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी मात्र मागं बघितलं. विण्याची तार थांबली होती. भाऊजींचे डोळे उघडे होते आणि ते समोरच्या खांबाकडं बघत होते. विणा खाली ठेवता येत नाही. सप्ताहात तो जमिनीला टेकत नाही. त्यांनी शेजारच्या टाळकऱ्याला खूण केली, त्याच्या गळ्यात विणा घातला, विण्याच्या पाया पडले आणि देवळातून बाहेर गेले.

मला वाटलं, झालं. माउली पावली.

पण तसं काही झालं नाही. घरी येऊन मी अक्काला कीर्तन सांगितलं. ती बाळाच्या लंगोटांसाठी शेगडीवर टोपली पालथी घालत होती. खाली शेगडी, वर टोपली, टोपलीवर लंगोट. दिवसा न वाळलेलं असंच वाळवायचं. देवकीच्या पदराचं ऐकून तिनं टोपलीवरचा एक लंगोट उलटला.

"देवकीला निदान तुरुंग हुता," ती म्हणाली. "माझं दार उघडंच हाय, हौसे."

"भाऊजी आले तेव्हा काही बोलले?"

"जेवायला वाढ म्हणाले."

दुसऱ्या दिवशी भाऊजी पुन्हा विणा घेऊन उभे होते.

काल्याच्या दिवशी सकाळी शालनची सासू चंद्राबाई आणि जावईबापू जीपगाडी घेऊन आले. चंद्राबाई म्हणजे भरभक्कम बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की अंगणातल्या कोंबड्या पळाव्यात. मी चहाला मदत करायला गेले होते. भाऊजी देवळात जायच्या कपड्यांत, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, दारातल्या उंबऱ्याशी बसले होते. बाळं आणि त्यांची बोचकी गाडीत घालून लगेच निघायचं ठरलं होतं.

चंद्राबाईंनी मुलाला मांडीवर घेतलं आणि त्याच्याशी बोलायला लागल्या.

"बघा तरी कसा बघतोय! नाक आमच्या घराण्याचं. बापू, बघ रे, तुझ्या आज्जाचं नाक हाय का न्हाई?"

बापूनं बघितलं आणि "असंल" म्हणाला.

गोजराक्का चुलीपुढं पाठमोरी बसली होती. चहा केव्हाचा उकळत होता, पण ती तो उतरवत नव्हती. मीच उतरवला.

शालन बाजेवर धुणं घेऊन बसली होती. अंगणातल्या दोरीवरून मी आणून टाकलेली सगळी रास पुढ्यात. ती एकेक लंगोट उचलायची, घडी घालायची आणि ठेवायची. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, ती दोन ढिगांत ठेवतेय. एक बोचक्यात, एक बाजेच्या कडेला.

"ते बी घाल गं," चंद्राबाई म्हणाल्या. "तिकडं गेल्यावर दोघांना कुठनं पुरतील?"

"ते राहू द्या, आत्या."

"ऱ्हाऊ द्या काय? मुलाला काय उघडं ठेवू?"

शालननं हातातली घडी खाली ठेवली.

"आत्या, तुमच्या मांडीवर आहे तो माझा भाऊ आहे."

बाहेर जीपचा ड्रायव्हर कुणाशी तरी हसत होता, ते स्पष्ट ऐकू आलं.

"काय म्हणालीस?"

"मला एकच झालं. ही मुलगी. तो आईचा आहे." शालनचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "मी घेऊन जाणार होते. मनाची तयारी केली होती मी. पण उद्या तो बोलायला लागेल. मला आई म्हणेल आणि तिला आजी. आणि ती दर वेळी हसून ओ देईल. मला नाही बघवणार ते, आत्या. तुम्ही काय बोलायचं ते मला बोला. तिला नाही."

चंद्राबाईंनी गोजराक्काच्या पाठीकडं बघितलं. मग दारातल्या भाऊजींकडं. भाऊजींनी मान इतकी खाली घातली होती की फेटा पडेल असं वाटलं. मी हातातली बशी घट्ट धरली होती. मनात नामस्मरण सुरू होतं, खोटं कशाला सांगू?

"गावभर जिलेबी वाटून बसले मी," चंद्राबाई शेवटी म्हणाल्या. "आता काय घरोघर जाऊन परत मागू?"

कुणी हसलं नाही. त्याही हसल्या नव्हत्या. त्यांनी मुलाकडं पुन्हा एकदा निरखून बघितलं. त्यानं त्यांचा पदर तोंडात धरला होता आणि ओढत होता.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या. "इकडं तोंड करा."

अक्का वळली. तोंड पांढरं पडलं होतं.

"घ्या तुमचं लेकरू. मघापासनं माझा पदर चोखतंय. माझ्याकडं काय हाय आता त्याला द्यायला?"

अक्का उठली ती पदराला अडखळत. मुलगा हातात घेतला आणि कोठीच्या खोलीत गेली. आतून मुलाचं रडणं आलं आणि लगेच थांबलं.

मग चंद्राबाई शालनकडं वळल्या. "तुझं आणि माझं घरी बोलू. बोचकं बांध." त्या बोलण्यात माया होती की राग होता, मला त्या वेळी कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. शालन माहेरी येत राहिली. सासरी तिला काय ऐकावं लागलं, ते तिनं आम्हाला सांगितलं नाही. बापूनं मात्र जाताना आपली मुलगी स्वतः उचलून घेतली, सासूच्या पाया पडायला तो कोठीच्या दारापर्यंत गेला, आणि आत पाजणं चाललंय हे कळल्यावर बाहेरूनच उंबऱ्याला हात लावून परतला.

चहा कुणीच प्यालं नाही. जीप गेली.

देवळात मृदंग वाजायला लागला. काल्याचं कीर्तन म्हणजे सगळी कॉलनी लोटते. बायका नव्या लुगड्यांत, पोरं दहीहंडीच्या ओढीनं पुढं पळतायत. भाऊजींना आत्तापर्यंत देवळात असायला हवं होतं. ते अंगणात उभे होते. जीप गेली त्या रस्त्याकडं नव्हे, आपल्याच दाराकडं तोंड करून.

नळाखाली एक बादली भरून राहिली होती. सकाळच्या गडबडीत धुऊन ठेवलेलं, वाळत घालायचं राहिलेलं. अक्काचा पोटपट्टा, दोन झंपर आणि मुलाचे लंगोट. मी सवयीनं बादली उचलली आणि माझ्या अंगणाकडं निघाले.

"हौसा."

भाऊजींनी मला कधी हाक मारली नव्हती. आमच्यात दीर अशी थेट हाक मारत नाहीत.

"इकडं द्या ती."

"मी घालते की, भाऊजी. तुम्हाला देवळात उशीर होतोय."

"द्या."

मी दिली. त्यांनी बादली मागच्या अंगणात नेली नाही. पुढं आणली, रस्त्याच्या बाजूला. तिथं जाईच्या मांडवापासून विजेच्या खांबापर्यंत एक तार होती. तिच्यावर कपडे कधी कुणी घालत नसे, कारण सगळा रस्ता तिच्याखालून जायचा. त्यांनी पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. पहिला लंगोट घातला तो चुरगळलेलाच. मी पुढं होऊन त्याची कडा ओढून दिली. दुसरा त्यांनी आपला आपण नीट घातला. मग तिसरा. मग झंपर. मग तो लांब पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांच्या सदऱ्याची पुढची बाजू भिजली होती आणि ओल्या सदऱ्यातून आतलं बनियन दिसत होतं. रस्त्यानं जाणाऱ्या बायकांची पावलं हळू झाली. पारूबाई तर थांबलीच. तिनं पट्ट्याकडं बघितलं, झंपरांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

टाळकऱ्यांतले गणपा हेडमुकादम टाळ खांद्याला अडकवून घाईनं चालले होते. तेही थांबले.

"अहो मिस्त्री, विणा तुमच्यासाठी खोळंबलाय! आणि हे काय? बाईमाणसाची कामं करताय? नातवाचं धुणं वाटतं?"

भाऊजींनी शेवटचा लंगोट तारेवर पसरला. दोन्ही हातांनी ताणून त्याची सुरकुती काढली.

"न्हाई," ते म्हणाले. "लेकाचं."